विसरलेलं पुस्तक आणि दाखल्यांची मोजणी

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी सरकारी इस्पितळ होतं. १९२२ ते १९२५ या काळात तिथे अब्राम कार्डिनर नावाचा तिशीतला डॉक्टर काम करत होता. नुकताच तो व्हिएन्नाहून आला होता; खुद्द फ्रॉइडकडे सहा महिने मनोविश्लेषण करून घेऊन. हाती नवी विद्या होती, पण समोरचे रुग्ण त्या विद्येत बसेनात. युद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती, तरी दार आपटलं की ही माणसं दचकून उठत. रात्रीमागून रात्री तेच स्वप्न. क्षुल्लक कारणावरून संताप, आणि एरवी कशातच रस नाही. कार्डिनरला त्यांना बरं करणं फारसं जमलं नाही. या निरीक्षणांवर लिहायला बसला तर त्यातून नीट सिद्धांतही उभा राहीना. कागद बाजूला पडले आणि तो मानववंशशास्त्राकडे वळला.

मग दुसरं महायुद्ध आलं. आता पुन्हा असेच रुग्ण येणार, हे उघड होतं. जुनी टिपणं बाहेर निघाली आणि १९४१ मध्ये ‘द ट्रॉमॅटिक न्यूरोसीझ ऑफ वॉर’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यातली मुख्य कल्पना अशी, की हा आजार केवळ मनाचा नाही. धोका टळल्यावरही शरीर सावध अवस्थेतून बाहेरच येत नाही. यासाठी कार्डिनरने ‘फिजिओन्यूरोसिस’ असा शब्द घडवला. आघाताशी जखडून राहणं, विचित्र स्वप्नं, दचकणं व चिडचिड, कार्यशक्ती आक्रसणं आणि अचानक होणारे रागाचे स्फोट अशी लक्षणंही त्याने नोंदवली.

हे म्हणण्यात काय मोठं, असं आज वाटेल. पण त्याआधीच्या युद्धात काय घडलं होतं ते आठवू या. पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने आपल्याच शेकडो शिपायांना गोळ्या घातल्या. त्यांतले काही मानसिक आघाताने खचलेले असावेत, असं पुढे मानलं गेलं. अशा ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने माफी दिली ती २००६ मध्ये. आजार की भ्याडपणा, हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

पुस्तकाची १९४७ मध्ये हर्बर्ट स्पीगेलसह सुधारित आवृत्ती निघाली. त्यानंतर मात्र विषयच मागे पडला. कार्डिनरने स्वतः तक्रार केली होती, की लोकांचं आणि मानसोपचारतज्ज्ञांचं या विषयाकडे लक्ष लहरीप्रमाणे जातं, टिकत नाही. म्हणून प्रत्येक संशोधक आपल्याआधी कोणी काही केलंच नाही अशा थाटात पहिल्यापासून सुरुवात करतो. त्याच्याच पुस्तकाच्या वाट्याला तेच आलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९५२ च्या निदान-नियमावलीत तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेला जागा होती. १९६८ च्या आवृत्तीतून ते निदान वगळण्यात आलं. आणि १९६८ हे तर व्हिएतनाम युद्धाचं ऐन भराचं वर्ष! बेसल व्हॅन डर कोल्क १९७८ मध्ये बोस्टनच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा तिथल्या ग्रंथालयात युद्धजन्य मनोविकारांवर एकही पुस्तक नव्हतं, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे.

इथे थोडं थांबून दाखल्यांच्या मोजणीकडे पाहू. यूजीन गारफिल्ड यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची १९६४ पासून निघू लागली. कल्पना वकिलांकडून उसनी घेतलेली: जुन्या निवाड्याचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला, हे दाखवणाऱ्या सूच्या अमेरिकन वकील १८७३ पासून वापरत होते. सूचीचा मूळ हेतू संशोधकांना साहित्य शोधता यावं हा; माणसांना गुण देणं हा उपयोग पुढे वाढला. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचवला. एखाद्याच्या १० लेखांना प्रत्येकी किमान १० दाखले मिळाले असतील, पण ११ लेखांना प्रत्येकी ११ मिळाले नसतील, तर त्याचा निर्देशांक १०. आता समजा, एखाद्याने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं आणि त्याला हजार दाखले मिळाले. त्याचा निर्देशांक किती? फक्त १! वर्गात मुलांना हे गणित जरूर घालावं.

आणखी एक गंमत याच विषयात सापडते. १९७९ मध्ये मार्डी हॉरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी आघाताचा परिणाम मोजणारी १५ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. जो कोणी ती वापरतो, त्याला त्या लेखाचा दाखला द्यावाच लागतो. त्यामुळे या लेखाचा दाखला जगभर सतत दिला जातो. काम मोलाचं आहेच. पण मोजपट्टी करणाऱ्याला दाखले मिळतात आणि काय मोजायचं ते प्रथम दाखवणाऱ्याला मिळतीलच असं नाही, हा फरक आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

कार्डिनरचं पुनरागमन मोजणीमुळे झालं नाही, गरजेमुळे झालं. १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले सैनिक एकत्र बसून बोलू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि चैम शटान हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यासोबत बसत. नियमावलीत निदानच नाही, तर या माणसांनी उपचार आणि भरपाई मागायची कशाच्या आधारावर? म्हणून जुनं साहित्य धुंडाळलं गेलं आणि त्यात कार्डिनरचं पुस्तक पुन्हा वर आलं. १९८० च्या नियमावलीत ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, म्हणजे आघातोत्तर ताण-विकार, दाखल झाला. पुन्हा पुन्हा येणारी स्वप्नं, दचकणं, बधिरपणा ही लक्षणं त्यात आहेत. कार्डिनर १९८१ मध्ये वारला.

या निदानाचं नाव आता इतकं रुळलं आहे, की ते वापरताना कोणाचा दाखला द्यावा असं वाटतच नाही. ज्ञान सर्वांचं झालं की मूळ नाव पुसलं जातं, हे रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच नोंदवलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्यांच्या मानसिक अवस्थेचा अभ्यास १९९६ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त आला. त्यात नैराश्याबरोबर ठळकपणे आढळला तो हाच आघातोत्तर ताण-विकार. ब्राँक्सच्या त्या सैनिकांनी ज्या लक्षणांची ओळख करून दिली, तीच लातूरच्या शेतकरी घरांत ओळखता आली.