सांकेतिक भाषेचे गतिसंवेदी अभिज्ञान

कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेतील खुणा व वाक्ये संवेदकांच्या साहाय्याने टिपून संगणकाकडून ओळखून घेण्याचे तंत्र. हाताचा आकार, स्थान, हालचाल, तळव्याची दिशा आणि चेहऱ्यावरील भाव या सर्वांतून खुणेचा अर्थ ठरतो. त्यामुळे केवळ हात टिपून भागत नाही.

विकास : १९९०च्या दशकात एमआयटीमध्ये थॅड स्टार्नर व ॲलेक्स पेंटलंड यांनी कॅमेऱ्याच्या साहाय्याने अमेरिकन सांकेतिक भाषेतील ४० शब्दांच्या संग्रहातून बनलेली वाक्ये ओळखून दाखवली. नोव्हेंबर २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रासाठी किनेक्ट हा संवेदक बाजारात आणला आणि खोलीमापक कॅमेरा अनेक प्रयोगशाळांच्या आवाक्यात आला. २०१३मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च एशिया आणि चायनीज ॲकॅडमी ऑफ सायन्सेस यांनी किनेक्टवर आधारित चिनी सांकेतिक भाषेचा अनुवादक सादर केला.

कार्यपद्धती : पहिल्या किनेक्टमधील प्रक्षेपक समोरच्या दृश्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त ठिपक्यांची नक्षी टाकतो. थोड्या अंतरावर बसवलेल्या कॅमेऱ्याला वस्तूच्या अंतरानुसार हे ठिपके कमी-अधिक सरकलेले दिसतात. त्या सरकण्यावरून प्रत्येक बिंदूचे अंतर निघते आणि शरीराच्या २० सांध्यांचा सांगाडा तयार होतो. सांध्यांच्या सलग हालचाली मग साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतात.

उपयोग : जॉर्जिया टेक या अमेरिकन विद्यापीठाने कर्णबधिर मुलांच्या भाषाविकासासाठी केलेल्या ‘कॉपीकॅट’ या खेळात मूल पडद्यावरील पात्राला खुणांनी वाक्य सांगते आणि यंत्र ते बरोबर आहे का, हे पडताळते. पूर्वी त्यासाठी मुलांना रंगीत हातमोजे घालावे लागत. २०११च्या चाचणीत किनेक्टने मोज्यांशिवाय, उभ्याने केलेल्या वाक्यांची पडताळणी सुमारे ७६ टक्के, तर बसून केलेल्यांची सुमारे ५२ टक्के अचूक केली.

मर्यादा : पहिल्या किनेक्टच्या सांगाड्यात बोटे स्वतंत्र नव्हती. एक हात दुसऱ्याआड गेला की माग चुकतो. प्रखर उन्हात अवरक्त ठिपके पुसट होतात. अमेरिकन सांकेतिक भाषेत हातांच्या त्याच खुणा करताना भुवया उंचावल्या, तर विधानाचा प्रश्न होतो. हात तेवढे वाचणाऱ्या यंत्राला हा फरक कळत नाही. खुणांचे उच्चारित भाषेत रूपांतर करणाऱ्या हातमोज्यांवरही कर्णबधिरांनी हाच आक्षेप घेतला. हा आक्षेप रास्त आहे; शिवाय संवादाचे सगळे ओझे खुणा करणाऱ्यावर टाकून ऐकणाऱ्याला मोकळे सोडणारे साधन अपुरेच ठरते.

सद्यःस्थिती : किनेक्टचे उत्पादन २०१७मध्ये थांबले. गूगलच्या मीडियापाइपसारख्या प्रणाली आता साध्या कॅमेऱ्यातून प्रत्येक हाताचे २१ बिंदू शोधतात. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०२०मध्ये ‘इन्क्लूड’ हा २६३ शब्दांच्या ४,२८७ चित्रफितींचा संच प्रसिद्ध झाला. नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशात २०२१पर्यंत १०,००० शब्द आले. मात्र सुट्या शब्दांवरून सलग संभाषण उलगडत नाही. त्यासाठी कर्णबधिर भाषकांच्या नैसर्गिक बोलण्याचे विपुल चित्रण हवे, आणि ते कसे जमवायचे व कशासाठी वापरायचे हे ठरवताना त्यांचाच शब्द अखेरचा असायला हवा.