टाकाऊ बूच आणि पुसल्या गेलेल्या भिंती

१/ वाइनच्या बाटलीची वापरलेली बुचे उभी चिरून फळीवर चिकटवली की सूचनाफलक तयार होतो; चकत्या कापून जोडल्या की गरम भांड्याखाली ठेवायला आसन मिळते. हा घरगुती छंद अगदी अलीकडचा वाटतो. परंतु बुचातून वस्तू घडवणाऱ्या हातांनी एकेकाळी एका गाडल्या गेलेल्या नगराची स्मृती जपली आहे. त्याविषयीचा हा थ्रेड.

२/ प्रथम बुचाविषयी. पश्चिम भूमध्य प्रदेशात वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची ही साल. तिचे सर्वाधिक उत्पादन पोर्तुगालमध्ये होते. तिच्यासाठी झाड तोडत नाहीत. कुऱ्हाडीने साल तेवढी सोलतात आणि ती पुन्हा वाढते.

३/ पहिली सोलणी झाड सुमारे २५ वर्षांचे झाल्यावर. पुढची किमान ९ वर्षांनी. म्हणून सोललेल्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा अंक रंगवून ठेवतात. बाटलीच्या बुचाजोगी साल तिसऱ्या सोलणीपासून मिळते. म्हणजे अखंड सालीतून कापलेल्या बुचामागे चाळिशी ओलांडलेला वृक्ष उभा असतो.

४/ १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापाचे सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यातील रिकाम्या कप्प्यांना त्याने ‘सेल’ म्हटले. एका घन इंचात असे १२० कोटींहून अधिक कप्पे असावेत, असा त्याचा हिशेब होता. बूच हलके असते आणि सुरीने सहज कापले जाते, ते या पोकळ कप्प्यांमुळेच.

५/ हेच गुण १८ व्या शतकात रोममधील कारागिरांच्या कामी आले. प्राचीन अवशेष पाहण्यासाठी येणाऱ्या धनिक प्रवाशांना त्यांच्या प्रतिकृती हव्या असत. बुचाचा खडबडीत पोत झिजलेल्या दगडासारखा दिसतो. अंतोनिओ किकी याने घडवलेली बुचाची मंदिरे आणि कमानी जर्मनीतील कासेलच्या दरबारी संग्रहात पोहोचल्या.

६/ जर्मनीतच कार्ल माय हा या कलेत नावाजला. तो मूळचा दरबारी मिठाईकार! आशाफेनबुर्गच्या योहानिसबुर्ग राजवाड्यात त्याच्या प्रतिकृतींचा मोठा संग्रह आहे.

७/ आता पॉम्पेई. राखेतील पोकळ्यांत प्लास्टर ओतून मृतांच्या आकृती मिळवणारा ज्युसेप्पे फिओरेल्ली आपल्याला ठाऊक असतो. त्याच्याच पुढाकाराने १८६१ पासून उत्खनित पॉम्पेईची १:१०० प्रमाणातील प्रतिकृती आकाराला आली. तिच्या इवल्याशा भिंतींवर भित्तिचित्रेही रंगवली गेली. साहित्य : लाकूड, कागद आणि बूच.

८/ पुढे ऊन-पावसाने आणि १९४३ च्या बॉम्बवर्षावाने पॉम्पेईची हानी केली. मूळ भिंतींवरून नाहीशी झालेली काही चित्रे आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातील या प्रतिकृतीवर पाहावी लागतात. दगड ढासळला, बुचाने साक्ष राखली.

९/ एक गैरसमज दूर करायला हवा. हे कारागीर वापरलेली बुचे नव्हे, सालीचे तुकडे वापरत. आणि जुन्या बुचांच्या वस्तू केल्याने ओकची कत्तल थांबते असेही नाही. ती मुळात होतच नाही. उलट सालीला मागणी आहे म्हणूनच तिथला शेतकरी ती वने राखतो.

१०/ आपल्याकडे ‘बुचाचे झाड’ आहे, ते ओक नव्हे. त्याच्या सालीपासून हलक्या प्रतीचे बूच करत, म्हणून हे नाव. त्याच्या लांब देठांच्या सुगंधी फुलांची वेणी मुली सुई-दोऱ्याशिवाय गुंफतात. साल असो वा गळलेले फूल, हातांना त्यात काहीतरी दिसतेच.

११/ मग जुन्या बुचाची वस्तू करायची कशासाठी? चाळीस वर्षांच्या वाढीला एका बाटलीपुरते आयुष्य फार तोकडे आहे, म्हणून. पुढच्या वेळी बूच कचऱ्यात टाकण्यापूर्वी त्या खोडावरचा रंगवलेला अंक आठवून पाहा.