उकिरड्याला शास्त्र कुणी दिलं? इंदूरचा खड्डा ते पुसदचं टाकं

परवा परसात शेवग्याखालचा कंपोस्टचा ढीग उलथत होतो. आतून वाफ निघाली. शेजारचं पोरगं म्हणालं, "काका, कचऱ्याला ताप आला काय?" हसलो, पण या तापामागं शंभर वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगतो.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथं सरकारी नोकरीत आले. आले शिकवायला, पण शेतकरी आणि किडी हेच आपले गुरू, असं पुढं त्यांनीच लिहून ठेवलं. १९२४ मध्ये इंदूरला कापसाच्या संशोधनासाठी संस्था निघाली. जमीन होळकर संस्थानाची. तिथं हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेणाचा प्रश्न हाती घेतला. शेण गोवऱ्या होऊन चुलीत जायचं आणि रान उपाशी राहायचं. मग थोडक्या शेणात जास्त खत कसं करायचं?

उत्तर गावातलंच होतं. पऱ्हाटी, तुराट्या रस्त्यावर अंथरायच्या. बैलगाड्यांच्या चाकाखाली त्यांचा चुरा होतो. तो गोठ्यात जनावरांखाली पसरायचा. मग खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतारीची माती आणि राख असे थर द्यायचे, पाणी मारायचं. माती नत्र धरून ठेवते, राख आंबटपणा मारते. तीन वेळा उलथायचं: साधारण १५ दिवसांनी, महिन्यानं, दोन महिन्यांनी. उलथल्यानं हवा मिळते आणि ९० दिवसांत खत तयार. १९३१ साली हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावानं याचं पुस्तक निघालं. हॉवर्ड जगभर सेंद्रिय शेतीचे जनक झाले. वाडांचं नाव मात्र आपल्याच लोकांना ठाऊक नाही. ही खंत आहे.

पद्धत चांगली, पण उलथायला मजूर लागतो. अडचण तिथंच. यावर तोड काढली यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी, म्हणजे आपले नाडेपकाका. विटांचं १० बाय ६ बाय ३ फुटांचं टाकं, भिंतीत हवेसाठी भोकं. उलथायची गरजच नाही. सुमारे १०० किलो शेणात, काडीकचरा आणि माती घालून, तीन-चार महिन्यांत जवळपास ३ टन खत.

आता आपलं बघा. तेव्हा शेण चुलीत जायचं. आज गॅस आला तर गोठाच रिकामा झाला, आणि पऱ्हाटी बांधावर पेटते. मीही पेटवली आहे, खोटं कशाला बोलू? त्याच हंगामात खताच्या पिशवीसाठी रांगेत उभा होतो.

म्हणून सुरुवात परसबागेतून केली. ढीग तिन्ही बाजूंनी किमान ३ फूट ठेवा, लहान ढीग तापत नाही. वाळलेलं जास्त, हिरवं कमी, मधे शेणकाला नि मूठभर माती. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. वास मारला तर समजा हवा कमी पडली. उलथा आणि वाळला पाला घाला.

यंदा निदान एका एकराची पऱ्हाटी तरी काडी न लावता कुजवून बघा. जमलं की सांगा, नाही जमलं तरी सांगा.