डेटाबेस सर्व्हरची तारीख : एक साधनचिकित्सा

मराठ्यांच्या इतिहासाची साधने तपासताना कागदावरील तिथी व वार ह्यांचा जंत्रीशी मेळ घालून पाहण्याची पद्धत अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेली आहे. मेळ बसला नाही म्हणजे कागद लागलीच बनावट ठरत नाही. तारीख कोणी घातली, कोणत्या गणनेने घातली आणि नक्कल करताना ती बिघडली काय, हे प्रश्न प्रथम विचारावे लागतात. आजची दप्तरे डेटाबेसमध्ये साठत आहेत, आणि तेथील नोंदीवर पडणारी तारीखही कोणाच्या तरी सांगण्यावरूनच पडत असते. सर्व्हर चुकीची तारीख सांगू लागला असता दोष कोठे शोधावा, हा प्रश्न म्हणूनच साधनचिकित्सेचा आहे.

'आज' ह्या शब्दाचा अर्थ बोलणारा कोठे व केव्हा बोलतो ह्यावर अवलंबून असतो. डेटाबेसचे 'आज'ही असेच परावलंबी आहे. तो तारीख ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो. ऑपरेटिंग सिस्टिम यंत्र सुरू होताना बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाकडून वेळ घेते व पुढे स्वतः मोजत राहते. आणि ह्या मोजणीतील चूक जाळ्यावरील दुसऱ्या एखाद्या सर्व्हरला विचारून दुरुस्त केली जाते. ह्या साखळीचे दुवे निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या गरजांतून घडलेले आहेत.

३ नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत वेळेची गणना १ जानेवारी १९७१ पासून, सेकंदाच्या साठाव्या भागांत केलेली आढळते. बत्तीस बिटांची संख्या ह्या मापाने सुमारे सव्वादोन वर्षांतच भरून जात असे. पुढे माप सेकंदाचे झाले आणि आरंभबिंदू १ जानेवारी १९७० हा ठरला. ह्या गणनेची बत्तीस बिटांची चिन्हांकित संख्या १९ जानेवारी २०३८ रोजी संपेल. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये बॅटरीचे घड्याळ मुळातच नव्हते. यंत्र सुरू होताच तारीख माणसाला विचारली जाई, आणि त्याने ती न सांगितल्यास १ जानेवारी १९८० ही धरली जाई. १९८४ च्या एटी यंत्रात असे घड्याळ आले, पण त्याच्या चिपमध्ये वर्षाचे दोनच अंक राहत. जाळ्यावरून वेळ जुळवण्याचा एनटीपी हा संकेत डेव्हिड मिल्स ह्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला.

हा इतिहास ज्ञात असला म्हणजे चुकीच्या स्वरूपावरूनच तिचे मूळ ओळखता येते. तारीख १९७० किंवा १९८० च्या आरंभी जाऊन बसली, तर घड्याळाची बॅटरी संपून गणना शून्यावर गेल्याचा संशय घ्यावा. चूक काही सेकंदांची असून दिवसेंदिवस वाढत असेल, तर जाळ्यावरील जुळवणी बंद पडलेली असते, कारण साध्या क्वार्ट्झ घड्याळात दिवसाला एकदोन सेकंदांचा फरक पडणे स्वाभाविक आहे. तारीख मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच एक दिवस मागे राहत असेल, तर सर्व्हर भारतीय प्रमाणवेळ न धरता जागतिक वेळ धरून चालला आहे, हे उघड आहे. तारीख एकाच जागी गोठली असेल, तर कोणी ती हेतुतः बांधून ठेवली काय, हे पाहावे. ओरॅकलमध्ये चाचणीसाठी 'फिक्स्ड डेट' हे मूल्य देता येते. ते काढण्याचे राहून गेल्यास 'सिसडेट' तीच तारीख सांगत राहते.

ऑपरेटिंग सिस्टिमची तारीख बरोबर आणि डेटाबेसची चूक असेल, तर दोष वरच्या दुव्यात असतो. डेटाबेस सुरू झाला तेव्हा त्याला दुसरे कालक्षेत्र सांगितलेले असणे, हे त्याचे एक नेहमीचे कारण होय. दोघांचे एकमत झाले म्हणून मात्र निश्चिंत होता येत नाही. एकाच मूळ प्रतीवरून केलेल्या दोन नकला ह्या दोन स्वतंत्र साक्षी नव्हेत. पडताळा साखळीबाहेरच्या घड्याळाशीच घेतला पाहिजे.

कालक्षेत्राचा दुवाही इतिहासानेच घडवलेला आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन ह्यांनी आरंभिलेल्या कालक्षेत्रांच्या कोशात भारतासाठी 'एशिया/कोलकाता' ही एकच नोंद आहे. १ जानेवारी १९०६ ची प्रमाणवेळ आणि दुसऱ्या महायुद्धात एक तास पुढे केलेली घड्याळे तीत नमूद आहेत. परंतु प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली आणि मुंबईत १९५५ पर्यंत टिकून राहिलेली 'मुंबई वेळ' तीत नाही. त्या काळातील मुंबईची एखादी नोंद ह्या कोशाच्या आधारे जागतिक वेळेत बदलल्यास ती चुकू शकते, आणि मध्यरात्रीच्या आसपासची असल्यास तिची तारीखही बदलू शकते.

दोष सापडल्यावर घड्याळ एकदम मागे ओढणे हा उपाय घातक ठरू शकतो, कारण तसे केल्याने नंतर घडलेली गोष्ट आधी घडल्यासारखी दिसते. घटनांचा क्रम घड्याळावाचूनही राखता येतो, हे लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनी १९७८ च्या निबंधात दाखवले. ओरॅकलसारखे डेटाबेस अंतर्गत क्रमांक ठेवतात ते ह्याच गरजेपोटी. भारतात सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सर्व्हरांची वेळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या घड्याळांशी निगडित ठेवण्यास सांगितले आहे.

पण घड्याळ दुरुस्त झाल्याने आधी पडलेल्या नोंदी दुरुस्त होत नाहीत. कर्ज फेडल्याचा, अर्ज दाखल झाल्याचा किंवा जन्म नोंदवल्याचा दिवस जो लिहिला गेला तो तसाच राहतो, आणि पुढे तोच पुरावा म्हणून मांडला जातो. म्हणून चूक केव्हापासून केव्हापर्यंत होती, किती होती व कोणत्या नोंदींना लागली, हे लिहून ठेवणे हा दुरुस्तीचाच भाग मानला पाहिजे. तो लेख नसेल, तर उद्याच्या संशोधकाला ही दप्तरे तपासण्यासाठी कोणतीही जंत्री उपयोगी पडणार नाही.