साडेपाच फुटांचे कूळ

भारतातल्या रुंद रुळांमधले अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. इथली वादळे गाडी उलथवतील म्हणून रूळ रुंद ठेवले, असे कारण तेव्हा दिले गेले आणि अजूनही सांगितले जाते. पण या मापाचे खरे कूळ वाऱ्यापेक्षा विलायतेतल्या भांडणात सापडते. तिथे वेगवेगळ्या कंपन्यांचे रूळ वेगवेगळ्या मापांचे होते आणि दोन मापे जिथे भेटत तिथे सगळा माल उतरवून पुन्हा भरावा लागे. तो गोंधळ आवरण्यासाठी १८४६च्या कायद्याची तयारी चालू होती, तेव्हा लॉर्ड डलहौसी तिथल्या व्यापार मंडळाचा अध्यक्ष होता. गव्हर्नर जनरल म्हणून भारतात आल्यावर त्याने एकाच मापाचा आग्रह धरला. त्याला सहा फूट हवे होते, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांचा कल विलायती चार फूट साडेआठ इंचांकडे होता, आणि सिम्स या अभियंत्याने साडेपाच फूट सुचवले होते. तेच मधले माप ठरले. १८५३मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली ती याच रुळांवर.

हा एकजिनसीपणा वीस वर्षेही टिकला नाही. खासगी कंपन्यांना पाच टक्के परताव्याची हमी दिल्याने सरकारच्या तिजोरीवर भार पडला होता. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात, १८७०मध्ये, स्वस्त मार्गांसाठी मीटर गेज, म्हणजे एक मीटर रुंदीचे रूळ, मंजूर झाले. (मीटरच का, तर देशात दशमान मापे येऊ घातली होती, ती प्रत्यक्षात यायला १९५०चे दशक उजाडले.) कोणी म्हणेल, तो पैसा वाचला नसता तर कित्येक तालुक्यांना रेल्वे दिसलीच नसती. हे खरे आहे, आणि अरुंद रूळ म्हणजे कमकुवत रूळ, असेही नाही. १८९७च्या बार्शी लाईट रेल्वेत कॅलथ्रॉप या अभियंत्याने प्रत्येक आसावरचा भार पाच टनांवर आणून अडीच फुटी मार्गावरही भरपूर माल ओढून दाखवला. दोष अरुंदपणात नव्हता, तो दोन मापांच्या सांध्यावर होता. रूळ टाकताना सरकारने वाचवलेला खर्च तिथे हमालीच्या, उशिराच्या आणि तुटफुटीच्या रूपाने व्यापाऱ्याकडून रोज वसूल होत राहिला, आणि अंदाजपत्रकात तो कधी दिसला नाही. मिरजेला तर रुंद, मीटर आणि अरुंद, तिन्ही मार्ग बरीच वर्षे एकाच स्थानकात नांदले. जो गोंधळ टाळायला डलहौसीने एक माप ठरवले, तो निस्तरायला १९९२मध्ये मार्ग एकाच मापावर आणणारी ‘युनिगेज’ योजना हाती घ्यावी लागली. पुढे बार्शीचे रूळही त्याच साडेपाच फुटांचे झाले.