शिकविणारें मूल, शिकणारें यंत्र

१९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील शाळांत संगणक शिरला तो बहुधा परीक्षकाच्या वेषांत. यंत्रानें प्रश्न विचारावा, मुलानें उत्तर द्यावें आणि चूक-बरोबर यंत्रानें ठरवावें, अशी ती रीत होती. ती उलटी करण्याचें श्रेय सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन व त्यांचे सहकारी यांस आहे. जिनीव्हा येथें मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या सहवासांत पॅपर्ट यांस पटलें होतें कीं, मूल आपलें ज्ञान आपणच घडवितें.

१९६७ सालीं या मंडळींनीं मुलांसाठीं ‘लोगो’ ही आज्ञाभाषा रचिली. पुढें तिच्या आज्ञेनें चालणारें व मागें रेघ ओढणारें यांत्रिक कांसव आलें. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून मूल कांसवास ६० अंश वळवितें. परंतु त्रिकोणाऐवजीं अर्धा षट्कोन उमटतो. मग मूल स्वतः कांसवासारखें चालून पाहतें आणि त्यास उमगतें कीं, वळण १२० अंशांचें हवें. येथें छडी नाहीं, गुणांची कपातहि नाहीं. चूक हीच विचाराची पहिली पायरी ठरते.

पुढें यंत्रें लहान झालीं, घरोघर पोंचलीं. परंतु यंत्रानें मुलास चालवावें कीं मुलानें यंत्रास, हा प्रश्न शाळांपुढें अद्याप उभाच आहे.