हात चालले की प्रोग्राम चालतो

कुकडी नदीवरच्या येडगाव धरणापासून खोडद फार लांब नाही. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या जुन्नरकरांच्या रोजच्या पाहण्यातल्या. पण त्यांच्यामागे प्रोग्राम लिहिणारे हात आहेत, आणि त्या हातांना जुना इतिहास आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी संगणक बांधायला घेतला. संगणकाची पदवी देणारे महाविद्यालय तेव्हा देशात नव्हते. त्यांनी आधी लहानसे प्रायोगिक यंत्र बांधले. ते १९५६ मध्ये चालू झाले. त्यावर जे उमगले, त्याच्या बळावर १९६० मध्ये मोठे यंत्र उभे राहिले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले, ‘टिफ्रॅक’.

याच संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी पुढे खोडदची दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. प्रत्येकीचा संकेत दुसरीशी ताडायचा, म्हणजे ४३५ जोड्या! हे काम आधी खास बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करीत असे. २०१० च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांवर, प्रोग्राम लिहून होऊ लागले. असा प्रोग्राम बरोबर आहे, हे कसे ओळखायचे? दुर्बीण आधी एखाद्या परिचित रेडिओस्रोताकडे वळवायची. त्याचे स्थान आणि तेज ठाऊक असते. उत्तर तसे आले नाही, तर चूक शोधायची.

मी कवितेचा माणूस. वृत्ताचे नियम पाठ करून गझल होत नाही, ओळी लिहून खोडाव्या लागतात. प्रोग्रामिंगही त्याच जातीचे. आपली मुले पुस्तकातला प्रोग्राम वहीत उतरवून परीक्षा देतात. प्रमाणपत्र मिळते, पण नोकरीच्या चाचणीत कोरा पडदा समोर आला की बोटे अडतात आणि संधी हातची जाते.

येडगावच्या मुलामुलींनी घरच्या दुधाचा हिशेब घ्यावा. लिटर, फॅट आणि दर यांवरून रक्कम काढणारा दहा ओळींचा प्रोग्राम लिहावा आणि डेअरीच्या पावतीशी ताडावा. जुळले नाही, तर एकेक ओळ तपासावी. जुळले, की आठवड्याची बेरीज जोडावी, मग महिन्याची. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, खोडदला विद्यार्थी आपले प्रयोग मांडत आले आहेत. त्यांत हा दुधाचा हिशेबही शोभून दिसेल.